आई नमदा, लेक नमदा

[दृश्य : पहाट. ओरखोन नदीचं खोरं. गोल पांढरं घर, चुलीच्या नळीतून वर चढणारा धूर.]

चहा उकळला, पण पहिली पळी घरातल्या कुणाच्या वाट्याची नसते. आजी भांडं घेऊन दाराबाहेर येते. तिच्या हातातली लाकडी पळी पाहा. पसरट तोंडावर नऊ छोटे खळगे कोरलेले आहेत. हिला त्सात्सल म्हणतात. दूध आणि मीठ घातलेला हा चहा आधी आभाळाला, मग चारी दिशांना. थेंब गवतावर पडतात, आणि त्यानंतर आत वाडगे भरले जातात.

हा मध्य मोंगोलिया. याच खोऱ्यात 1235 साली चंगीझ खानाच्या मुलानं, ओगोदेई खानानं, काराकोरम या राजधानीला तट बांधला. आज त्या शहराचं जमिनीवर फारसं काही उरलेलं नाही. त्याचे दगड 1586 साली शेजारीच उभ्या राहिलेल्या एर्देने झू मठाच्या कामी आले. एर्देने म्हणजे रत्न, आणि हा शब्द मूळ संस्कृतातल्या 'रत्न'वरूनच आलेला, मध्य आशियातल्या भाषांमधून फिरत फिरत. शनीला इथे आजही सान्चिर म्हणतात. आपला शनैश्चर.

राजधानीचे दगड विखुरले. लोकरीचं घर मात्र तेव्हा होतं तसंच आज आपल्यासमोर उभं आहे.

[दृश्य : मोकळं माळरान. छोट्या ट्रकवरून सामान उतरतं.]

बाहेरचे लोक याला यर्ट म्हणतात, कुणी तंबू म्हणतं. मोंगोल माणूस म्हणतो गेर. गेर म्हणजे घर, आणि ते तसंच बघायला हवं.

आधी जागा. उतार किती, वारा कुठून येतो, पाणी किती लांब, हे घरातली मोठी माणसं चालत फिरून ठरवतात. मग कपाटं, पलंग आणि चूल जागच्या जागी मांडली जाते. भिंतींच्या आधी सामान! कारण दार इतकं छोटं की एकदा भिंती उभ्या राहिल्या की ही कपाटं आत जायचीच नाहीत. मग दाराची चौकट, नेहमी दक्षिणेला तोंड करून. चौकटीला जोडून लाकडी पट्ट्यांच्या जाळीच्या भिंती, खाना. मिटलेली जाळी दोघं जण धरून ओढतात आणि ती हार्मोनियमच्या भात्यासारखी उलगडत जाते. पट्ट्या जिथे एकमेकींवरून जातात, तिथे कातड्याची गाठ आहे. अख्ख्या सांगाड्यात खिळा नाही.

मधे उभा राहिलेला माणूस डोक्यावर जे चाक तोलून धरतोय, ते तोनो. घराचा कळस म्हणा, खिडकी म्हणा, दोन्ही तेच. त्याखाली दोन खांब. आणि आता चहूबाजूंनी वासे, एक टोक तोनोच्या भोकात, दुसरं जाळीच्या वरच्या काठावर. मध्यम आकाराच्या गेरला असे ऐंशीच्या आसपास वासे लागतात. बघता बघता छत्री उघडल्यासारखं छप्पर तयार होतं. यावर नमदा, म्हणजे न विणता दाबून घट्ट केलेलं लोकरीचं जाड कापड. नमद्यावर पांढरं कापड, कापडावर दोर. सवयीच्या हातांना तास-दोन तास पुरतात. थंडीत नमद्याचे दोन-तीन थर चढवतात, उन्हाळ्यात खालचा काठ वर दुमडला की वारा घरभर खेळतो. आणि तोनोतून येणारा उन्हाचा कवडसा दिवसभर आतल्या आत सरकत राहतो. कवडसा कुठे पोचला हे बघून आजी सांगते, घोडीची धार काढायची वेळ झाली.

[दृश्य : घराच्या आत. देव्हारा, फोटो, तपकिरीची कुपी एका हातातून दुसऱ्या हातात.]

दारासमोरची उत्तरेची बाजू मानाची. बुद्धाची मूर्ती तिथे, वाडवडिलांचे फोटो तिथे, पाहुणाही तिथेच. पश्चिमेला पुरुषांचं खोगीर-लगाम, पूर्वेला बायकांची भांडीकुंडी. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, दोन खांबांच्या मधून जायचं नाही. उंबऱ्याचं तर आपल्याला वेगळं सांगायला नको. 2013 साली युनेस्कोनं गेर बांधण्याची कला आणि तिच्याभोवतीचे रीतिरिवाज मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. या घरात त्या यादीबद्दल कुणी बोलत नाही. आज नमद्याचा दिवस आहे.

[दृश्य : कातड्यावर पसरलेली लोकर. बायकांच्या हातातल्या काठ्या.]

घोंगडी विणतात. नमदा विणत नाहीत, तो जमवतात, आणि त्याला अख्खी आळी लागते. आसपासच्या घरांतून माणसं सकाळीच आली आहेत. आधी लोकर काठ्यांनी झोडपायची. दोन्ही हातांत एकेक काठी, आणि समोरासमोर बसलेल्या बायकांचा ठेका कसा जमलाय, ऐका. गाठी सुटतात, माती उडते, लोकर फुगून ढगासारखी होते.

आता जमिनीवर एक जुना नमदा अंथरला जातो आणि पाण्यानं भिजवला जातो. याचं नाव एख एस्गी. एख म्हणजे आई, एस्गी म्हणजे नमदा. आई नमदा. नव्या नमद्याचा जन्म हिच्या अंगावर होतो. झोडपलेली लोकर हातानं विस्कटून तिच्यावर पसरायची, थरावर थर, कुठे खळगा नको, कुठे उंचवटा नको. प्रत्येक थरावर पाण्याचा शिडकावा. आजीचा तळवा पाहा, ती लोकरीवरून हात फिरवते आणि एका जागी थांबते. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण तिथे लोकर पातळ आहे. ती मूठभर आणखी टाकते.

मग आईसकट सगळं एका लांब दांड्याभोवती गुंडाळायचं. वरून ओलं कातडं, त्यावर वाद्या आवळून. ही गुंडाळी सहज एखाद्या झाडाच्या खोडाएवढी दिसते. दांड्याच्या दोन टोकांना दोर, आणि दोर दोन घोडेस्वारांच्या हाती.

[दृश्य : घोडे. गुंडाळी गवतावरून घरंगळत जाते.]

डावीकडच्या घोड्यावर आजीचा नातू आहे. वय नऊ. घोडा धावत सुटू द्यायचा नाही, दोर ढिला पडू द्यायचा नाही, आणि शेजारच्या घोड्याशी पाऊल जुळवून ठेवायचं. जायचं, वळायचं, यायचं. पुन्हा जायचं. तासन्‌तास. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर अतिशय बारीक खवले असतात. पाणी आणि दाब मिळाला, सतत घुसळण झाली की ते खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. सूत नाही, माग नाही, सुई नाही. घोड्याची चाल आणि पाणी, एवढ्यावर लोकरीचं कापड होतं.

गुंडाळी सोडताना सगळे भोवती जमतात. आजी दूध शिंपडते आणि आशीर्वाद देते : बर्फासारखा पांढरा हो, हाडासारखा घट्ट हो. आईपासून नवा नमदा अलगद सोडवला जातो. ही लेक. आणि पुढे कधी आई जीर्ण झाली, की हीच लेक जमिनीवर अंथरली जाईल, हिच्यावर नवी लोकर पडेल.

तयार नमदा आता कारखान्यातून मिळतो, आणि बहुतेक घरं तोच आणतात. म्हणून हे दोन दिवस आम्ही कॅमेरा बंद केला नाही.

[दृश्य : उंचावरून. शेळ्या-मेंढ्या, घोडे, पलीकडे याक.]

महाराष्ट्राच्या पाचपट जमीन आणि माणसं सुमारे 35 लाख. जनावरं सहा कोटींच्या आसपास. घोडा, उंट, गाय-याक, मेंढी, शेळी. या पाचांना मिळून मोंगोल लोक 'पाच तोंडांचं धन' म्हणतात. आणि या सगळ्या कुरणाला कुंपण नाही. 1992 च्या राज्यघटनेनुसार चराऊ जमीन कुणाच्याही खासगी मालकीची होऊ शकत नाही. या एका तरतुदीवर हे सगळं उभं आहे, असं मला वाटतं. कुटुंब वर्षातून चार मुक्काम बदलतं, उन्हाळ्याचा, शरदाचा, थंडीचा, वसंताचा, म्हणून गवताला पुन्हा उगवायला उसंत मिळते. चालत राहणं ही इथली शेती आहे.

या मुलखाला ते नुतग म्हणतात. नुतग म्हणजे मायभूमी, आणि जिथे तुमची नाळ पुरली ती जागा म्हणजे तोन्तो नुतग. मराठी माणसाला याचं भाषांतर लागत नाही.

1990 नंतर सरकारी पशुपालन संघ मोडले, कळप पुन्हा घरोघरी आले, कश्मिरी लोकरीच्या भावापायी शेळ्या वाढल्या, कुरणं झिजली. त्यात झुद, म्हणजे जनावरांना चारा मिळू न देणारी जीवघेणी थंडी. 2009-10 च्या एका हिवाळ्यात सुमारे एक कोटी जनावरं गेली, 2023-24 मध्ये 70 लाखांहून अधिक.

[दृश्य : उलानबातर. टेकड्यांवर फळ्यांची कुंपणं, आत गेर.]

ज्यांचा कळप गेला ते इथे आले. देशातली जवळपास निम्मी माणसं आता या एका शहरात राहतात. घर तेच आहे. दार दक्षिणेला आहे. पण आता ते उचललं जात नाही.

[दृश्य : पुन्हा खोरं. ऑगस्टची अखेर. गवत पिवळं पडू लागलंय.]

1 सप्टेंबरला देशभर शाळा सुरू होतात. पशुपालकांची मुलं तालुक्याच्या गावी, वसतिगृहात राहून शिकतात. नातवाचं दप्तर नवं आहे, शर्टाच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. तो घोड्यापाशी जातो, त्याच्या मानेला नाक लावतो, आणि ट्रकमध्ये वडिलांशेजारी चढून बसतो.

ट्रक निघतो. आजी नऊ खळग्यांची पळी दुधात बुडवते आणि चाकांच्या वाटेवर दूध उडवते. मग पुन्हा एकदा. ट्रक वळणाआड गेल्यावर आणखी एकदा.

[निवेदन थांबतं. वाऱ्याचा आवाज.]