काउंटीचा उन्हाळा आणि सभेतला एक मिनिट

नमस्कार. समोर दोन पिढ्या दिसताहेत. एक भारतातून सहा महिन्यांसाठी मुलांकडे आलेली. दुसरी कॅलिफोर्नियातल्या आपल्या सँटा क्लारा काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, सनीवेल, मिल्पिटस, क्युपर्टिनो, सॅन होजे इथे वर्षानुवर्षं नोकरी करणारी, घर घेतलेली, पण काउंटीच्या सभेला कधीच न गेलेली. आजचा विषय दोघींचा आहे. उन्हाळ्यात दुपारभर घरात एकटी असते ती पहिली पिढी, आणि तिच्या सोयीसाठी काउंटीकडे मागणी करायची ती दुसरीने. खरं तर पहिलीलाही ती करता येते. त्याकडे ओघाने येतो.

आधी ऊन. १०० फॅरनहाइट म्हणजे जेमतेम ३८ सेल्सिअस. नागपूर-अकोल्याहून आलेले आजोबा हा आकडा ऐकून म्हणतात, आम्ही पंचेचाळीस काढलेत, हे काय घेऊन बसलात! आजोबांचं म्हणणं खोटं नाही, पण ते पंचेचाळीस कशात काढले? डोक्यावर पंखा, खिडकीत वाळ्याचा कूलर, दुपारी गार फरशीवर आडवं होणं. इथलं घर लाकडी सांगाड्याचं, छताला पंखा नाही, आणि जुन्या अपार्टमेंटमध्ये एसी असेलच असं नाही. पश्चिमेच्या काचेतून आलेलं ऊन वरच्या मजल्यावर साठत जातं, आणि घरातला उकाडा सर्वांत जास्त होतो तो दुपारी दोनला नाही, संध्याकाळी पाच ते आठच्या दरम्यान. ही वेळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शिवाय शरीराची उन्हाची सवय आठ-पंधरा दिवसांत लागते आणि गारव्यात राहिलं की काही आठवड्यांत मोडतेही. मे-जून इथल्या आल्हाददायक हवेत काढल्यावर सप्टेंबरात अचानक शंभरी गाठली, की नागपूरकर आणि इथला रहिवासी एकाच पायरीवर असतात. मुंबई-कोकणातल्या मंडळींना आणखी एक फसवणूक होते. इथली हवा कोरडी. घाम आला तो कळतच नाही, कारण अंगावरच्या अंगावर सुकतो. घाम नाही म्हणजे पाणी गेलं नाही, असा हिशोब करू नका.

६ सप्टेंबर २०२२ ला सॅन होजेत १०९ फॅरनहाइटची नोंद झाली, शहराच्या नोंदींतला उच्चांक. त्याच संध्याकाळी पावणेसहाला राज्याच्या आपत्कालीन यंत्रणेने लाखो फोनवर संदेश धाडला की वीज कमी वापरा. राज्याची मागणी ५२ हजार मेगावॉटच्या वर गेली होती. संदेशानंतर ती झपाट्याने उतरली आणि राज्यभरचं भारनियमन टळलं. आदल्या दिवशी, ५ तारखेला, अमेरिकेतल्या कामगार दिनाची, म्हणजे लेबर डेची, सुट्टी होती. इथला सर्वांत कडक उन्हाळा असा ऑगस्टअखेर-सप्टेंबरात आणि जोडसुट्टीला येऊ शकतो, म्हणजे गारव्यासाठी जिथे जायचं त्या ग्रंथालयांना कुलूप असतं तेव्हाच.

आता काउंटी म्हणजे काय ते थोडक्यात. आपण तिला जिल्हा म्हणतो, पण कलेक्टर शोधायला जाल तर सापडणार नाही. सँटा क्लारा काउंटीत १५ शहरं आहेत आणि काउंटीचा कारभार पाच निवडून आलेल्या सुपरवायझरांचं मंडळ चालवतं. नियम करणं आणि ते राबवून घेणं दोन्ही त्यांच्याकडे. रोजचं प्रशासन पाहणारा अधिकारी मंडळच नेमतं. सार्वजनिक आरोग्य, सरकारी रुग्णालयं, समाजकल्याण, निवडणुका, मालमत्तेचं करमूल्यांकन, तुरुंग, काउंटीची उद्यानं, डासनियंत्रण ही कामं काउंटीची. तुमच्या गल्लीतला कचरा आणि शहरातलं कम्युनिटी सेंटर शहराकडे. धरणं आणि पुराचं पाणी तिसऱ्याच संस्थेकडे, व्हॅली वॉटरकडे. वीज बहुतेक ठिकाणी पीजी अँड ई या खासगी कंपनीची, पण सँटा क्लारा शहर आणि पालो आल्टो यांची वीज त्यांची स्वतःची. तक्रार चुकीच्या दारात नेली की महिना फुकट जातो, म्हणून हे सांगतो आहे.

एक सेवा आवर्जून वापरा. मागच्या अंगणात बंद पडलेलं कारंजं किंवा हिरवं पडलेलं पोहण्याचं तळं असेल, तर काउंटीचं डासनियंत्रण खातं डासांच्या अळ्या खाणारे मासे फुकट देतं. उकाड्यात अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडाभर पुरतो, आणि वेस्ट नाईलचा विषाणू इथे डासांतूनच पसरतो. कुंड्यांखालच्या थाळ्या दर आठवड्याला ओतून टाका.

इशाऱ्यांबद्दल. काउंटीची अलर्ट-एससीसी नावाची मोफत सूचनासेवा आहे. तिच्यात नाव स्वतः नोंदवावं लागतं, मोबाइलवर तिच्या सूचना आपोआप येत नाहीत. नेहमी गडबड होते ती अशी: मुलगा आपला नंबर आणि ऑफिसचा पत्ता नोंदवतो, आणि घरी असलेल्या आईच्या हातात भारतातलं सिम असतं. घराचा पत्ता घाला, आणि आईकडे जो इथला नंबर किंवा ईमेल चालू असेल तो घाला. हवामान खात्याचा हीटरिस्क नावाचा रंगीत नकाशाही पाहायला शिकवा: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल, आणि सर्वांत वर जांभळट. त्याचं वैशिष्ट्य हे की तो नुसतं तापमान पाहत नाही. त्या गावाला, त्या महिन्यात हे ऊन किती अनोळखी आहे आणि रात्री गारवा मिळणार की नाही, हेही धरतो. म्हणून सॅन होजेत लाल रंग कडक उन्हाची सवय असलेल्या फिनिक्स शहरापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला दिसू शकतो.

एरवी इथे रात्री हवा गार पडते. तेव्हा रात्रभर खिडक्या उघड्या ठेवायच्या, सकाळी आठ-नऊला बंद करून पडदे ओढायचे. हा साधा उपाय निम्मं काम करतो. पण जंगलातल्या वणव्याचा धूर आला की तोच उपाय उलटतो. ऑगस्ट २०२० मध्ये विजा पडून लागलेल्या वणव्यांनी काउंटीच्या पूर्वेचे डोंगर पेटले होते. अशा दिवशी हवा किती खराब आहे ते सांगणारा निर्देशांक, एक्यूआय, आधी पाहायचा: १०० पर्यंत ठीक, १०१ पासून दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी, मुलांनी आणि वृद्धांनी जपायचं, १५१ च्या वर सगळ्यांनी. खिडक्या बंद, एसीच्या यंत्रणेत धुराचे बारीक कण अडवणारं मर्व-१३ दर्जाचं फिल्टर, बाहेर पडलंच तर एन-९५ मास्क. कापडी मास्क धुराला अडवत नाही. उकाडा आणि धूर एकत्र आले आणि घरात एसी नसेल, तर घर सोडून गार जागी जाणं हाच शहाणपणा. खोली ९५ फॅरनहाइटच्या वर तापली की पंख्याच्या भरवशावरही राहू नका. तो गरम हवाच अंगावर आणतो. अंग ओलं करून पंख्यासमोर बसलात तर थोडा उपयोग.

पिण्याचं म्हणाल तर ताक, पन्हं, कोकम सरबत उत्तमच. घरची जलसंजीवनी करायची तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. अंदाजपंचे मीठ टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. मधुमेह असेल तर पन्ह्याची साखर मोजा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल, आणि लघवीचं प्रमाण वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर उन्हाळ्यापुरतं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

आता नीट ऐका. भरपूर घाम, गार चिकट त्वचा, पोटऱ्यांत गोळे, चक्कर: इथपर्यंत सावली, पाणी, आराम पुरतो. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, नेहमीचं नाव आठवेना, तोल जाऊ लागला, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात, आणि तेव्हा पहिलं काम ९११ या आपत्कालीन नंबरावर फोन. मदत येईपर्यंत कपडे सैल करा, चादर भिजवून अंगावर टाका, वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावा. गोंधळलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. आणि पॅरासिटामॉल देऊ नका. ताप औषधाने उतरतो कारण तो शरीराने स्वतः चढवलेला असतो. उष्माघातात शरीराची थंड करण्याची ताकदच संपलेली असते, तिथे गोळी काहीच करत नाही.

फ्रिजवर एक चिठ्ठी लावा. वर घरनंबर, एकेक आकडा सुटा: वन, झीरो, फोर, थ्री, टू. खाली रस्त्याचं नाव, अपार्टमेंटचा नंबर, शहर, फाटकाचा कोड. सगळं देवनागरीत, जसं उच्चारायचं तसं. खाली मुलाचा नंबर, चालू औषधं, कसली ॲलर्जी. ९११ ला पहिल्यांदा पत्ता सांगायचा, मग “मराठी” हा एक शब्द. दुभाष्याला फोनवर जोडून घेण्याची सोय असते. फोन ठेवू नका. भीतीने फोन ठेवला जातो आणि पत्ता अर्धा राहतो. तातडी नसेल, नुसतं जवळचं कूलिंग सेंटर, म्हणजे उकाड्यात जाऊन बसायची गार जागा, कुठे आहे हे विचारायचं असेल, तर २११ ला फोन.

मुलांबद्दल एकच गोष्ट. बाहेर ८० फॅरनहाइट असताना बंद गाडीत दहा मिनिटांत आणखी १९ अंश चढतात, काच थोडी उघडी ठेवली तरी. दुकानात “दोन मिनिटांत येतो” हे चालत नाही.

मदतीचा एक कमी माहीत असलेला मार्ग. पीजी अँड ईची मेडिकल बेसलाइन योजना. आजारामुळे एसी किंवा वैद्यकीय उपकरण चालवावंच लागत असेल, तर डॉक्टरांच्या सहीने अर्ज करता येतो. महिन्याला साधारण ५०० युनिट जास्त वीज सर्वांत स्वस्त दराने मिळते, आणि वणव्याच्या भीतीने वीज मुद्दाम बंद करायची असेल तेव्हा या घरांना जास्तीच्या पूर्वसूचना येतात. अर्ज ऑगस्टात नको, आत्ताच करा.

आता संध्याकाळी पाच ते आठ या वेळेकडे येऊ. कूलिंग सेंटर म्हणजे बहुतेक वेळा ग्रंथालय किंवा कम्युनिटी सेंटर. ते आपल्या रोजच्या वेळेत उघडं असतं. बऱ्याचदा घर तापतं तेव्हाच ते बंद होतं, आणि सुट्टीला उघडतच नाही. हे बदलता येतं, पण योग्य दारात जाऊन. मिल्पिटस, क्युपर्टिनो, साराटोगा, लॉस आल्टोस, कॅम्पबेल, मॉर्गन हिल, गिलरॉय इथली ग्रंथालयं काउंटीच्या ग्रंथालय मंडळाची आहेत. सॅन होजे, सनीवेल, सँटा क्लारा, माउंटन व्ह्यू, पालो आल्टो यांची आपापल्या शहरांची. म्हणजे सनीवेलकराने नगर परिषदेत बोलायचं, मिल्पिटसकराने ग्रंथालय मंडळात. आणि सार्वजनिक आरोग्य विभागाने उष्णतेसाठी किती तरतूद करावी, हे सगळ्यांनी सुपरवायझर मंडळापुढे.

आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. जूनमध्ये अर्थसंकल्पाच्या सुनावण्या होतात, पण आकडे वसंतातच बांधले जातात. ऑगस्टात घामाघूम होऊन तक्रार केली तर सहानुभूती मिळेल, कर्मचारी मिळणार नाहीत. मागणी मार्च-एप्रिलमध्ये करायची.

कॅलिफोर्नियात ब्राउन कायदा आहे, १९५३ चा, अशा मंडळांच्या सभा लोकांना खुल्या ठेवणारा. नियमित सभेची कार्यसूची ७२ तास आधी लावावी लागते. मंडळाच्या सभा मंगळवारी असतात, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी चाळली तर सहसा सापडते. हजर राहायला नाव नोंदवण्याची सक्ती करता येत नाही. बोलायला नागरिकत्व लागत नाही, मतदार असावं लागत नाही. एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आलेला बोलू शकतो, पाहुणी म्हणून आलेली आजी बोलू शकते. आणि वेळ ठरवून दिली असेल तर दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला किमान दुप्पट वेळ द्यावी लागते. सगळ्यांना एक मिनिट असेल तर मराठीत बोलणाऱ्याला दोन. दुभाषी हवा असेल तर मंडळाच्या लिपिकाला आधी कळवा, नाहीतर मुलीला शेजारी उभं करा.

चुका ठरलेल्या असतात. कार्यसूचीवर नसलेल्या विषयावर लोक बोलतात आणि सदस्य गप्प बसले म्हणून रागावतात. त्यांना त्या विषयावर चर्चा किंवा निर्णय करायला कायद्याने मनाई आहे. फार तर ते कर्मचाऱ्यांकडे विषय सोपवतात. दुसरं, बरेच विषय कन्सेंट कॅलेंडर नावाच्या गठ्ठ्यात एकाच मताने मंजूर होतात. त्यावर बोलायची वेळ त्या गठ्ठ्याचा पुकारा झाल्यावरच असते. आपला क्रमांक गठ्ठ्यात आहे का, ते आधी पाहा. तिसरी चूक म्हणजे साठातली चाळीस सेकंदं आभारात घालवणं.

एक मिनिट कसं बोलायचं, ते सांगून थांबतो. हे मोठ्याने वाचून घड्याळ लावा: “आमच्या घरात एसी नाही, घरी सत्तरीचे दोघे असतात. घर सर्वांत तापतं संध्याकाळी पाच ते आठ. आमच्या भागातलं कूलिंग सेंटर सहाला बंद होतं आणि कामगार दिनाला उघडत नाही. उष्णतेचा इशारा असेल त्या दिवशी ते रात्री नऊपर्यंत आणि सुट्टीलाही उघडं ठेवावं, आणि त्यासाठीचे कर्मचारी येत्या अर्थसंकल्पात धरावेत.” सहा वाजताच्या जागी तुमच्या सेंटरची खरी वेळ घाला, ती आदल्या दिवशी फोन करून खात्री करून घ्या. हाच मजकूर सभेच्या आधी लिपिकाकडे लेखी पाठवा, विषयाचा क्रमांक वर लिहून, म्हणजे तो त्या विषयाच्या कागदपत्रांत लागतो. आता प्रश्न घेऊ. फ्रिजवरच्या चिठ्ठीचे कोरे नमुने मागच्या टेबलावर ठेवले आहेत. जाताना दोन घ्या, एक स्वतःला आणि एक शेजाऱ्यांना.