अंबडच्या शेडमधली एस्टीम

[दृश्य: नाशिकची अंबड औद्योगिक वसाहत. अर्धं वर केलेलं शटर. आत लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली गाडी.]

दारं आहेत, काचा नाहीत. डॅशबोर्डच्या जागी एक आडवी लोखंडी पट्टी आणि तिच्यातून लोंबणाऱ्या वायरी, निम्म्या उंदरांनी कुरतडलेल्या. सीट, गालिचा, छताचं अस्तर, हेडलाइट, चारही रिम, ज्याला जे लागलं ते त्यानं नेलं. इंजिन तेवढं वाचलं, कारण ते जाम झालंय अशी आवई उठली होती. भंगारवाला किलोवर घ्यायला तयारच होता. त्याच्यापेक्षा चार पैसे जास्त मोजून हा सांगाडा टेम्पोत घातला आणि स्वस्तातली रेसकार करायला इथं आणला.

सांगाडा आहे मारुती एस्टीमचा. 1994 ते 2007 या काळात ही गाडी बँक मॅनेजरच्या, डॉक्टरच्या, द्राक्षबागायतदाराच्या दारात दिसायची. स्पोर्ट्स कार म्हणून ती कुणी घेतली नाही. पण आपल्याकडच्या टूरिंग कार शर्यतींत हीच एस्टीम वर्षानुवर्षं पळाली. 1298 सीसीचं हलकं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, सोळा व्हॉल्व्हच्या एमपीएफआय (इंधन इंजेक्शनच्या) मॉडेलमध्ये 85 अश्वशक्ती, आणि गाडीचं वजन नऊशे किलोच्या आसपास. याच घराण्यातलं 1.3 लिटरचं इंजिन जिप्सीलाही होतं. त्यामुळे गाडी बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी पार्टसाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही.

गाडीचा मालक सातपूरच्या एका कारखान्यात सीएनसी मशीन चालवतो. शेड ज्यांची, त्यांना सगळी गल्ली मामा म्हणते. पहिल्याच दिवशी मामांनी इंजिनाचा पट्टा उतरवला, क्रँकच्या नटाला पाना लावला आणि इंजिन फिरवून दाखवलं. जाम होता तो त्याच पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर.

[दृश्य: सातपूर, मायको सर्कल, कारखान्यांची सुटलेली पाळी.]

नाशिकची ओळख सांगताना गोदावरी, कुंभमेळा, द्राक्षं यांच्यापुढे माणूस सहसा जात नाही. पण सातपूरला महिंद्राचा कारखाना आहे, सिएटचा टायरचा कारखाना आहे. मायकोचं नाव बदलून बॉश होऊन बरीच वर्षं झाली तरी रिक्षावाला अजून मायकोच म्हणतो. या मोठ्यांना माल पुरवणाऱ्या छोट्या शेड अंबड-सातपूरभर पसरल्यात. कुणाकडे पाइप वाकवायचं मशीन, कुणाकडे लेथ, कुणाकडे पावडर कोटिंगची भट्टी. इतर शहरांत ज्या कामासाठी चार दिवस फोन करावे लागतात, ते इथं जेवणाच्या सुट्टीत उरकतं. रॅलीचं वेडही आहेच. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाची ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही फेरी इथल्या मातीत रंगलेली आहे.

आणि स्वस्तातलं रेसिंग म्हणाल, तर ती काही परदेशातून आलेली चूष नाही. कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुती 800 चं इंजिन एकासनी रेसकारमध्ये बसवलं आणि फॉर्म्युला मारुती उभी केली. पुढे 2005 मध्ये भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर झालेला नारायण कार्तिकेयन याच वर्गात सुरुवातीला चालवत होता. कोइमतूरजवळ 2003 मध्ये सुरू झालेल्या ट्रॅकला करिवर्धन यांचंच नाव आहे: कारी मोटर स्पीडवे.

[दृश्य: तेलाचे डाग पडलेली वही. पानावर मधोमध रेघ, दोन रकाने.]

ही वही मालकाची. डाव्या रकान्यात ‘जुळवून घेऊ’, उजव्या रकान्यात ‘घासाघीस नाही’. डावीकडे इंजिन, गिअरबॉक्स, रंग, बंपर, रिम. उजवीकडे केज (आतला पाइपचा पिंजरा), सीट, बेल्ट, ब्रेक, अग्निशामक. गंमत बघा, गाडीला पळवणारं जे काही आहे ते सगळं डावीकडे आहे.

हा शहाणपणा याचा एकट्याचा नाही. अमेरिकेत 2006 मध्ये ‘24 अवर्स ऑफ लेमन्स’ नावाची शर्यत सुरू झाली. अट अशी की गाडी पाचशे डॉलरच्या आत उभी करायची. पण सुरक्षेच्या सामानावरचा खर्च त्या पाचशेत धरतच नाहीत. केज घ्या, सीट घ्या, चांगले ब्रेक घ्या, हिशेब कुणी विचारणार नाही. शर्यत थट्टेची, नियम मात्र पक्का.

[दृश्य: हीट गन. सोलून निघणारी काळी शीट.]

काढायचं काम तसं सोपं, आणि कंटाळवाणं. रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून कंपनी फरशीच्या पत्र्यावर डांबरी शीट चिकटवते. बाहेरदेशी त्यावर कोरडा बर्फ टाकतात. उणे 78 अंशांना शीट कडक होऊन तडकते. इथं हीट गन, पट्टी आणि कारखान्यातून सुटल्यावर आलेले दोन मित्र. एसी गेला, हीटर गेला, मागच्या काचा जाऊन पॉलिकार्बोनेट आलं. अ‍ॅक्रिलिक त्याहून स्वस्त, पण फुटलं की सुऱ्या होतात, म्हणून नाही. समोरची काच लॅमिनेटेड, ती तशीच राहिली. वायरिंग सगळं उपसून काढलं आणि इंजिनाला, पंपाला, वायपरला लागतील तेवढ्याच वायरी परत ओढल्या.

[दृश्य: वेल्डिंगचा निळा झगमगाट. थांबतो. काळी काच वर करणारे वयस्कर गृहस्थ.]

आता केज. गाडी उलटली तर छप्पर खाली येऊ नये म्हणून आत जो पाइपचा पिंजरा बसवतात, तो.

बाजारात दोन प्रकारचे केज दिसतात. एक स्टीलच्या रेलिंगसारखा चकचकीत, फोटोपुरता. दुसरा आपल्याच एखाद्या फॅब्रिकेटरनं पाण्याच्या जीआय पाइपचा करून दिलेला. पैसे वाचवायची हौस असेल तर ती इथं फिटते, आणि जन्माची फिटते. जीआय पाइप शिवणीचा असतो. आपटल्यावर तो कुठं उकलेल याची खात्री कुणी देत नाही. वर जस्ताचा थर, त्यावर वेल्डिंग केलं की विषारी धूर. आंतरराष्ट्रीय नियमात पाइप सीमलेस लागतो, थंड ओढलेला. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या मुख्य कमानीला 45 मिलिमीटर व्यास आणि अडीच मिलिमीटर जाडी, किंवा 50 व्यास आणि दोन जाडी. वाकवताना वळणाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या तिपटीहून कमी नको, नाहीतर आतल्या बाजूला सुरकुती पडते आणि पाइप तिथंच दुमडतो.

वेल्डिंग करणारे काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेत. जिथं मिग बनली, तिथं आयुष्य गेलं. ते वेल्डिंगची टॉर्च हातात घेण्याआधी कानस घेतात. एका पाइपचं टोक दुसऱ्याच्या गोलाईवर बसलं पाहिजे, म्हणून अर्धगोल कानशीनं घासायचं, लावून बघायचं, पुन्हा घासायचं. मधे उजेड दिसला की पाइप परत. मालक एकदा म्हणाला, “काका, एवढी फट तर वेल्डिंगनं भरून निघेल.” काकांनी मान वर केली नाही. “भरायला हा काय रस्त्यातला खड्डा आहे?”

आणि इथं एक अडचण येते, ती पाहण्यासारखी आहे. केज छताला जितका चिकटून तितका चांगला. ड्रायव्हरच्या डोक्याला जागा मिळते. पण छताला चिकटला की वरच्या सांध्यांच्या वरच्या बाजूला टॉर्च पोचत नाही. बरेच जण तेवढा भाग तसाच सोडतात. वरून रंग मारला की कुणाला दिसतंय! काकांनी फरशीला चार भोकं पाडायला लावली. अख्खा केज त्या भोकांतून खाली सोडला, छतापासून वीतभर अंतर मिळालं, सांधे चहूबाजूंनी भरले, मग केज उचलून जागेवर आणला आणि खालून पायांना जाड प्लेट देऊन भोकं बंद केली.

[दृश्य: सीट. तिच्या मागच्या बाजूचं लेबल.]

सीटला आणि बेल्टला तारीख असते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. साध्या रेसिंग सीटचं एफआयएचं, म्हणजे जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेचं, मानक 8855-1999, मुदत पाच वर्षं. सहा टोकांच्या बेल्टचं 8853-2016. उन्हानं, घामानं पट्ट्याचा धागा कुजतो आणि वरून काही कळत नाही. या दोन वस्तूंची किंमत मूळ सांगाड्यापेक्षा जास्त झाली. केजच्या ज्या पाइपजवळ हेल्मेट येतं तिथं कडक फोम लावला. आणि हो, केजवाली गाडी हेल्मेटशिवाय चालवायची नाही, गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा. उघड्या डोक्याला तो पाइप म्हणजे पहारच.

[दृश्य: चाक काढलेलं, डिस्क, ब्रेकची नळी.]

कसारा घाट उतरताना ट्रकच्या चाकांचा जळका वास ज्यांनी घेतलाय, त्यांना ब्रेक तापणं समजावून सांगायला नको. ट्रॅकवर प्रत्येक फेरीत, प्रत्येक वळणाआधी तो घाट उतरायचा असतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट 4 दर्जाचं ऑइल कमीत कमी 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेलं 155 लाच उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो आणि पेडल जमिनीला टेकतं. यावर उपाय काही फार महागाचा नाही. ताजं ऑइल, चांगले पॅड, रबराऐवजी स्टीलच्या विणीच्या नळ्या, आणि पुढच्या बंपरला भोक पाडून डिस्कवर हवा सोडणारी नळी. मागचे ड्रम तसेच ठेवले.

इंजिनाचा मामला थोडक्यात आटोपला: नवा टायमिंग बेल्ट, नवे गॅस्केट, स्वच्छ रेडिएटर. लांब वळणात इंजिनातलं ऑइल खालच्या चेंबरच्या एका कडेला सरकतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातं. म्हणून चेंबरच्या आत पत्र्याचे आडोसे. बास.

[दृश्य: चार डिजिटल वजनकाटे. काट्यावर कांद्याच्या सालीचा तुकडा.]

हे काटे मार्केटमधल्या एका कांदा व्यापाऱ्याचे, रविवारपुरते उसने. चारही लेव्हलमध्ये ठेवले, प्रत्येकावर एक चाक, आणि मालकाला हेल्मेटसकट आत बसवलं. पुढे उजवीकडे 270, डावीकडे 246. मागे उजवीकडे 142, डावीकडे 162. एकूण 820 किलो.

ड्रायव्हर उजवीकडे, त्यामुळे उजवं पुढचं चाक जड असणार, यात नवल नाही. नवल कर्णात आहे. उजवं पुढचं आणि डावं मागचं मिळून 432. दुसरा कर्ण 388. एक पाय आखूड असलेलं टेबल जसं दोन तिरप्या पायांवर तोलून उभं राहतं, तशी ही गाडी उभी होती. अशी गाडी उजव्या वळणाला एक वागते आणि डाव्याला दुसरंच. ड्रायव्हर बिचारा स्वतःच्या हातांना दोष देतो.

मामांनी पुढच्या उजव्या स्प्रिंगखालची, आट्यांवर फिरणारी चकती खाली घेतली, डावीकडची वर. मागच्या चाकांना कुणी हात लावला नाही, तरी मागचे आकडे बदलायला लागले. मालक खाली वाकून काट्याकडे बघतच राहिला. शेवटी पुढे 259 आणि 257, मागे 153 आणि 151. दोन्ही कर्ण 410. पुढच्या चाकांची बेरीज आधी 516 होती, आताही 516. उजव्या बाजूची 412, तीही तेवढीच. चकती फिरवून वजन पुढचं मागे किंवा उजवीकडचं डावीकडे जात नाही. फक्त कर्ण बदलतो. कुठलाही महागडा पार्ट न घेता गाडी सुधारणारं याच्याइतकं दुसरं काम नाही, आणि शंभरातले नव्वद जण ते करत नाहीत.

चाकांचं अलाइनमेंटही असंच झालं. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणल्या आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीनं मोजलं.

[दृश्य: रात्र. ट्रेलरवर चढवलेली गाडी, चाकांना पट्टे.]

ही गाडी रस्त्यावर चालवता येणार नाही. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमात बसत नाहीत. नाशिकमध्ये डांबरी रेसट्रॅक नाही. म्हणजे कोइमतूर असो, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई असो, जाणं ट्रेलरवरूनच. डिझेल, टोल, मुक्काम. वहीत या खर्चासाठी रकानाच नव्हता. तो आता मागच्या पानावर, लाल पेननं.

तिथं आधी तपासणी होते. बॅटरी घट्ट बांधलीय का, बाहेरून वीज तोडायचा स्विच आहे का आणि त्यावर निळ्या त्रिकोणातली लाल वीज आहे का, ओढायचा हूक दिसतोय का. किती अश्वशक्ती, हे तपासणारा विचारत नाही.

निघण्याआधी मालकानं विषय काढलाच. “मामा, पुढच्या खेपेला इंजिनाचा कॅम बदलू या का? दहा-बारा पॉवर वाढेल.”

मामा ट्रेलरचा पट्टा आवळत होते. “आधी या पॉवरचे टायर झिजव. मग चारी टायर माझ्यापुढे आणून ठेव. कुठली कड जास्त खाल्लीय ते बघू, कॅम्बर, म्हणजे चाकाचा कल, लावू. कॅमचं दिवाळीनंतर.”