रंग विसरा, गुडघा बघा: तुडतुड्यांची एक ट्राइब ओळखताना

नमस्कार मंडळी. स्क्रीनवर दोन तुडतुडे आहेत. डावीकडचा हिरवागार, पंखांची टोकं काळीकुट्ट. उजवीकडचा तसाच हिरवा, पण काळ्याचा पत्ता नाही. दोन वेगळ्या जाती वाटल्या ना? जात एकच आहे, नेफोटेटिक्स व्हिरेसेन्स, म्हणजे भातावरचा हिरवा तुडतुडा. काळ्या टोकांचा तो नर, दुसरी मादी.

म्हणून आज वर्गीकरण करताना रंग बाजूला ठेवायचा. तुडतुड्यांचं कुळ सिकाडेलिडी. त्यात 20,000 हून अधिक जातींची नोंद झाली आहे. कुळाखाली उपकुळं, त्यांच्याखाली ट्राइब, मग जीनस आणि शेवटी जात. यातली ट्राइब ही पायरी मला सगळ्यात मजेदार वाटते. जात ओळखणारे भरपूर भेटतात, कुळ तर कुणीही सांगतं. मधल्या पायरीवर मात्र भले भले अडखळतात.

मी निवडली आहे प्रोकोनिइनी ही ट्राइब. ही मंडळी फक्त अमेरिका खंडांत सापडतात. साधारण 60 जीनस, चारशेच्या वर जाती. तुडतुड्यांच्या मानाने चांगलेच धिप्पाड. यातला कुप्रसिद्ध सदस्य म्हणजे होमालोडिस्का व्हिट्रिपेनिस. लांबी जेमतेम 12-13 मिलिमीटर, पण द्राक्षवेलींना पिअर्स रोग देणारा झायलेला हा जिवाणू तो एका वेलीवरून दुसरीवर नेतो. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षबागायतदारांची त्याने झोप उडवली.

पण थांबा, समोरचा कीटक तुडतुडाच आहे हे आधी पक्कं करू. मागच्या पायाची नळी बघा, म्हणजे टिबिया. तिच्यावर लांबीभर काट्यांच्या रांगा दिसल्या, तर तुडतुडा. रांगा नाहीत, फक्त एक-दोन जाड काटे आणि टोकाला काट्यांचं कडं, तर तो फेस करणाऱ्या किड्यांपैकी. आणि नळीच्या टोकाला हलणारी एक मोठी आर असेल, तर तो डेल्फॅसिडी कुळातला. भातावरचे तपकिरी तुडतुडे याच कुळातले. त्यांनाही आपण तुडतुडेच म्हणतो, पण ते सिकाडेलिडी कुळाबाहेरचे.

आता उपकुळ. यासाठी डोकं वरून बघायचं. दोन मोठ्या संयुक्त डोळ्यांखेरीज तुडतुड्यांना बारीक ठिपक्यांसारखे दोन साधे डोळे असतात. ते कुठे आहेत? डोक्याच्या माथ्यावर, कडेपासून आत असतील, तर आपण सिकाडेलिने या उपकुळाच्या दारात आलो. आपली प्रोकोनिइनी याच उपकुळातली. आंब्यावरच्या तुडतुड्यांत हे डोळे चेहऱ्यावर असतात. कपाशीवरचा छोटा हिरवा तुडतुडा ज्या उपकुळात येतो, तिथे ते बऱ्याचदा पुसट असतात किंवा नसतातच.

आता बाजूने बघा. चेहरा फुगलेला आहे, गाल फुगवून बसल्यासारखा. याचं कारण पोटाशी जोडलेलं आहे. बहुतेक तुडतुडे झाडाचा अन्नरस पितात, सिकाडेलिनेतले मात्र मुळांकडून वर चढणारं पाणी पितात. त्या नळ्यांमधलं पाणी दाबाखाली नसतं, उलट ते वर ओढलेलं असतं. ते आपल्याकडे खेचायला जबर ताकदीचा पंप लागतो आणि त्या पंपाचे स्नायू या फुगीर चेहऱ्यात बसवलेले असतात. त्या पाण्यात पोषण जवळजवळ नसल्यात जमा, त्यामुळे प्यायचंही भरमसाट आणि बाहेर टाकायचंही भरमसाट. शेपटाकडून थेंबामागून थेंब उडत राहतात.

हे लक्षण मला फार आवडतं, पण त्याच्यावर सगळा भार टाकायचा नाही. सिकाडाचा चेहराही फुगीर असतो, फेस करणाऱ्या किड्यांचाही. तेही हेच पाणी पितात. म्हणजे फुगीर चेहरा कीटक काय पितो हे सांगतो. तो कुणाचा सख्खा आणि कुणाचा चुलत, हे त्यावरून ठरत नाही.

मग ट्राइब ठरते कशावर? गुडघ्यावर! खरंच सांगतोय. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ डेव्हिड यंग यांनी 1968 मध्ये या ट्राइबचा सविस्तर आढावा छापला. त्यातलं एक महत्त्वाचं लक्षण वाचताना अगदीच नीरस वाटतं. कीटक पाय दुमडून स्वस्थ बसलेला असताना मागच्या पायाचा गुडघा कुठवर येतो, एवढंच बघायचं. पहिल्या वक्षखंडाच्या, म्हणजे डोक्यालगतच्या छातीच्या भागाच्या, बाजूला एक पट्टी असते. सिकाडेलिनी या शेजारच्या ट्राइबमध्ये गुडघा सहसा त्या पट्टीच्या मागच्या कडेपर्यंत पोचतो. प्रोकोनिइनीत तो अलीकडेच थांबतो.

[स्क्रीनवर: दोन्ही कीटकांचं बाजूचं रेखाचित्र, गुडघ्यावर बाण]

याच्या जोडीला मिशांच्या बुडाशी असलेली कंगोऱ्यासारखी कड बघा. प्रोकोनिइनीतल्या बऱ्याच जातींत ती वरून बघितलं तरी बाहेर आलेली दिसते. बऱ्याच म्हणतोय, सगळ्या नाही. म्हणून गुडघा आणि कंगोरा दोन्ही बघायचे.

एक व्यवहाराची गोष्ट. टाचणीला लावलेल्या नमुन्याचे पाय वाकडेतिकडे वाळलेले असतात. तसाच गुडघा मोजलात तर उत्तर हमखास चुकणार. नमुना दमट हवेत ठेवून मऊ करा, पाय शरीराला लावून दुमडा, मग बघा.

आता रंगाचा आणखी एक चकवा. होमालोडिस्काच्या काही माद्यांच्या पंखांवर खडूसारखे पांढरे पट्टे दिसतात. नवखा माणूस वहीत लिहितो, 'पंखावर पांढरा ठिपका'. तो रंग नाहीच मुळी, ती भुकटी आहे. ब्रोकोसोम नावाचे हे अतिसूक्ष्म कण कीटकाच्या मालपिघी नलिकांत, म्हणजे उत्सर्जनाच्या नळ्यांत, तयार होतात. अंडी घालण्याआधी मादी ते पंखावर थापून ठेवते आणि अंडी घातल्यावर पायांनी खरवडून त्यांच्यावर पसरते. आज असलेला पट्टा उद्या नसेल!

मात्र जीनस ठरल्यावर रंग पुन्हा कामाला येतो, हेही सांगायला हवं. होमालोडिस्का व्हिट्रिपेनिसच्या डोक्यावर फिकट ठिपके असतात, तर तिची बहीण होमालोडिस्का लिट्युराटा हिच्या डोक्यावर नागमोडी रेघा. तिथे भिंगातून एक नजर टाकली तरी पुरते. म्हणजे रंग निरुपयोगी नाही. तो सगळ्यात खालच्या पायरीवरचा पुरावा आहे आणि आपण तो सगळ्यात आधी वापरायला जातो.

तरीही शंका उरली, तर नराचं पोट सोडवावं लागतं. ते 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवायचं, म्हणजे आतलं मांस विरघळतं. मग पाण्याने धुऊन ग्लिसरीनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली. नराच्या जननेंद्रियांचे आकार जातीगणिक वेगळे असतात. काम झालं की तो भाग फेकायचा नाही. बारीकशा कुपीत घालून त्याच टाचणीला लावायचा, नाहीतर पुढच्या माणसाला तुमचं म्हणणं तपासताच येणार नाही.

आणि हे तपासणं चालूच असतं. व्हिट्रिपेनिस हे नाव कीटकशास्त्रज्ञ गेरमार यांनी 1821 मध्ये दिलं होतं. 1832 मध्ये थॉमस से या दुसऱ्या कीटकशास्त्रज्ञाने कोअ‍ॅग्युलाटा हे नाव दिलं आणि जगभर तेच रुळलं. 2006 मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिलं की दोन्ही नावं एकाच कीटकाची आहेत. नियमाप्रमाणे जुनं नाव टिकलं. म्हणून 2006 पूर्वीचं काही वाचायचं असेल, तर शोधताना होमालोडिस्का कोअ‍ॅग्युलाटा असंही टाइप करा.

आता राहिला सगळ्यांचा आवडता प्रश्न: फोटोवरून ट्राइब सांगता येते का? कधीकधी येते. पण लोक वरून काढलेला एकच फोटो पाठवतात. त्यात साधे डोळे दिसतात, म्हणजे उपकुळाचा अंदाज येतो, गुडघा मात्र पंखाखाली झाकलेला. त्यामुळे फोटो तीन काढा. एक वरून, एक समोरून चेहऱ्याचा आणि एक अगदी बाजूने, पाय दुमडलेले असताना. तिसरा नीट आला, तर कमेंटमध्ये मी ट्राइब सांगायचा प्रयत्न करीन.