फोगो बेटावरचं गेस्टहाऊस आणि आपल्या गोधड्या

नमस्कार मंडळी. नाशिकला समुद्र नाही, पण गंगापूर धरणाचं बॅकवॉटर आहे आणि त्याच्या काठानं गेल्या काही वर्षांत एकामागून एक रिसॉर्ट नि होमस्टे उभे राहिलेत. भिंतीवर वारली, दारात तांब्याचा हंडा, फोटो एकदम भारी येतो. पण ते चित्र काढलं कुणी, हंडा ठोकला कुणी, हे त्या खोलीत कुठंच कळत नाही. आज मी तुम्हाला एका अशा गेस्टहाऊसची गोष्ट सांगणारे जिथं हे कळतं, आणि त्यासाठी आपल्याला पार कॅनडाला जायचंय.

कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड नावाचं मोठं बेट आहे, त्याच्या ईशान्येला, अटलांटिक महासागरात, फोगो नावाचं बेट. वस्ती दोन-अडीच हजारांची, गाडी घेऊन जायचं तर फेरीबोट, आणि हवा अशी की तिथले लोक वर्षाचे सात ऋतू मोजतात, त्यातला एक नुसता समुद्रावर तरंगत येणाऱ्या बर्फाचा. पिढ्यान्‌पिढ्या ही माणसं कॉड नावाच्या मासळीवर जगली. मग १९६० च्या आसपास मोठमोठे ट्रॉलर आले, रात्रंदिवस जाळी ओढायला लागले, छोट्या होड्यांच्या हाती काही लागेना, आणि सरकार म्हणायला लागलं की बेट सोडा, दुसरीकडं राहायला चला.

इथं एक फार मोठी गोष्ट घडली, आणि कॅमेरा हातात घेणाऱ्या प्रत्येकानं ती ऐकावी असं मला वाटतं. १९६७ मध्ये कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचे दिग्दर्शक कॉलिन लो बेटावर आले आणि न्यूफाउंडलंडच्या विद्यापीठाच्या लोकांच्या मदतीनं त्यांनी २७ छोट्या फिल्म केल्या. कोळी बोलतायत, बायका बोलतायत, लग्न चाललंय, असं सगळं. मग त्याच फिल्म गावोगावी दाखवल्या. एका टोकाच्या गावाला दुसऱ्या टोकाचं दुखणं पहिल्यांदा दिसलं, आणि ते आपलंच दुखणं आहे हेही दिसलं. मंत्र्यांनाही दाखवल्या. लोकांनी बेट सोडलं नाही, त्यांनी सहकारी संस्था काढली, मोठ्या बोटी बांधल्या, नि ती संस्था आजही चालू आहे. सहकार म्हणजे काय हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको.

तरी १९९२ ला घाव बसलाच. कॉड इतका संपला की सरकारनं मासेमारीच बंद केली, न्यूफाउंडलंडमध्ये जवळपास तीस हजार लोकांचं काम गेलं. पोरं बाहेर पडायला लागली.

अशीच आधी बाहेर पडलेली एक मुलगी म्हणजे झिटा कॉब. कोळ्याच्या घरातली, टेक्नॉलॉजी कंपनीत फायनान्सच्या मोठ्या पदावर पोचली, पैसा कमावला आणि परत आली. आधी तिनं बेटावरच्या मुलांना स्कॉलरशिप दिली. तर एका आईनं तिला सरळ सांगितलं की बाई, तू आमच्या पोरांना इथून जायला पैसे देतेयस, इथं काम मिळेल असं काही करता येत नाही का. मला या सगळ्या गोष्टीतलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण पुढचं सगळं त्या एका प्रश्नातनं आलं. भावांना घेऊन तिनं शोरफास्ट नावाची संस्था काढली, आणि २०१३ ला उघडलं ते आपलं गेस्टहाऊस, फोगो आयलंड इन.

आता हे बघा. खडकावर खांबांवर उभी असलेली पांढरी लांबट इमारत, आर्किटेक्ट टॉड सॉन्डर्स, तेही न्यूफाउंडलंडचेच. खोल्या फक्त २९ आणि प्रत्येक खोलीतून समुद्र दिसतो. आत आर्ट गॅलरी आहे, छोटं थिएटर आहे, आणि बाहेर खडकांवर चित्रकार, लेखक, फिल्मवाले येऊन काम करतील असे स्टुडिओ आहेत.

पण मला थांबायचंय ते पलंगापाशी. पलंगावर जी रजई आहे ना, ती बेटावरच्या बायकांनी हातानं शिवलेली. कापडाच्या पट्ट्या नि तुकडे जोडून, थर लावून, वरनं टाके. आपल्या आजीची गोधडी आठवली का? जुनं लुगडं, आत दोन-तीन थर, वरून धावदोरा, कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा तुकडा. अगदी तीच विद्या, त्यांच्याकडं कडाक्याच्या थंडीत घरोघरी चालत आलेली. खुर्च्यासुद्धा बेटावरच बनल्या, बाहेरून डिझायनर आले आणि होड्या बांधणाऱ्या हातांबरोबर बसून काम केलं.

पाहुणा आला की गावातलंच कुणीतरी त्याला सोबत घेऊन बेट फिरवतं, आपल्या ओळखीच्यांना भेटवतं. आणि बिस्किटाच्या पुड्यामागं घटक छापलेले असतात ना, तसं इथं पैशाचं लेबल आहे: मजुरीला किती, खाण्यापिण्याला किती, त्यातले बेटावर किती राहिले. उरलेला नफा कुणा मालकाच्या खिशात जात नाही, संस्थेमार्फत बेटासाठीच वापरला जातो.

एका रात्रीचं भाडं आपल्या लाखभर रुपयांच्या वर आहे हेही सांगतो. तुमच्या-माझ्या खिशाचं काम नाही ते, आणि बेटावरचा माणूस तरी तिथं कुठून राहणार, हा प्रश्न मला पडतोच. पण लेबल छापायला लाख रुपये लागत नाहीत.

आपल्या पेठ-सुरगाण्याची माणसं दरवर्षी घर बंद करून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येतात. त्याच पाड्यांवर वारली काढणारे हात आहेत, बांबूकाम करणारे आहेत, गोधड्या शिवणाऱ्या बाया आहेत. २०२७ च्या सिंहस्थाला अख्खा देश नाशकात येणारे, खोल्या आत्तापासून बांधल्या जातायत, हजारो पलंगांवर काहीतरी अंथरलं जाणारच आहे ना. मग ते ट्रकनं बाहेरून का यावं? पाड्यावर ऑर्डर द्या, पूर्ण भाव द्या, शिवणारीचं नाव विचारून तिच्या मर्जीनं खोलीत लावा, आणि भिंतीवर प्रिंट चिकटवण्याऐवजी चित्र काढणाऱ्यालाच चार दिवस बोलवा.

पुढच्या भागासाठी आम्ही पेठ तालुक्यात शूट करायला निघतोय. तुमच्या घरात, शेजारात गोधडी शिवणारं कुणी असेल, किंवा तुमचा होमस्टे असेल आणि पहिली ऑर्डर द्यायची तयारी असेल, तर आम्हाला नक्की कळवा, दोघांची गाठ आम्ही घालून देतो.