हायफन कुठे द्यायचा? आधी विग्रह करून बघा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तोच प्रश्न आलाय: "मॅडम, हायफन दिला काय, नाही दिला काय, फरक काय पडतो?" इतक्या जणांनी विचारलंय की आज फक्त इंग्रजीतल्या हायफनवरच बोलू.

हायफन म्हणजे आपलं संयोगचिन्ह. छोटी आडवी रेघ, दोन्हीकडे जागा न सोडता. लांब रेघ तो डॅश. झालं, पुढे.

माझ्या पहिल्या नोकरीत वर्षाचा करार होता. तो संपत आला तेव्हा मी मेल केला, मला करार री-साइन करायचाय, म्हणजे पुन्हा सही करायचीय. आर-ई नंतरचा हायफन द्यायचा राहिला. वाचणाऱ्याने वाचलं 'रिझाइन'. राजीनामा! माझ्या जागेसाठी माणूस शोधायला सुरुवातही झाली होती. अक्षरं तीच, अर्थ नेमका उलटा. तसंच 'रिकव्हर' म्हणजे आजारातून बरं होणं आणि 'री-कव्हर' म्हणजे सोफ्याला नवं कापड लावणं.

आता मुख्य मुद्दा, जिथे सगळे अडतात. स्क्रीनवर बघा: 'ट्वेंटी फाइव्ह इयर ओल्ड ट्रीज'. झाडं किती आणि केवढी?

'फाइव्ह-इयर-ओल्ड' जोडलं, तर पाच वर्षांची वीस झाडं. 'ट्वेंटी-फाइव्ह' जोडून 'इयर-ओल्ड' वेगळं ठेवलं, तर एकेक वर्षाची पंचवीस. सगळंच जोडलं, तर पंचवीस वर्षांची झाडं, किती ते सांगितलेलंच नाही. रोपवाटिकेला अशी ऑर्डर पाठवलीत, तर टेम्पोत काय येईल ते हायफनवर ठरणार!

आणि कृपा करून तिथे 'फाइव्ह-इयर्स-ओल्ड ट्री' लिहू नका. 'इयर', एस नाही. शाळेतला समास आठवा. 'राजाचा वाडा' याचा 'राजवाडा' होतो तेव्हा 'चा' गळतो ना? तसाच इथे एस गळतो. पटत नसेल तर खिशातली नोट काढा. 'टेन-रुपी नोट' म्हणतो आपण, 'टेन-रुपीज नोट' नाही. आता उलट बाजूने या. 'द ट्री इज फाइव्ह इयर्स ओल्ड' म्हटलं की समास सुटला, विग्रह झाला. मग एस परत येतो आणि हायफन जातो. नामाच्या आधी बांधलेलं, नामानंतर सुटं. रजेच्या अर्जात 'टू-डे लीव्ह' लिहा, 'टू-डेज लीव्ह' नको. हे मी दर बॅचला सांगते आणि दर बॅचमध्ये तो एस परत येतो, म्हणून आज इतक्यांदा सांगितलं.

एकाने लिहिलंय, "हायफन आता कालबाह्य झालाय." अर्धं खरं आहे. 'शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'च्या २००७ च्या आवृत्तीत सुमारे १६,००० शब्दांतले हायफन काढले. 'आइस-क्रीम'चे दोन सुटे शब्द झाले, 'बम्बल-बी'चा एकच जोडशब्द झाला. पण ही नामं आहेत, ती कशीही लिहिली तरी अर्थ हलत नाही. झाडांच्या ऑर्डरीतला हायफन काढून बघा!

हो, 'हायली क्वालिफाइड'मध्ये हायफन नको. एल-वायने संपणारं क्रियाविशेषण पुढच्या शब्दाला आपोआप चिकटतं.

आता तुमची पाळी. 'मॅन ईटिंग शार्क', एकदा हायफन देऊन, एकदा न देता. दोन्हींचा विग्रह करा आणि कोण कोणाला खातंय ते कमेंटमध्ये लिहा.