गळा लक्षात राहिला, लेखणी राहून गेली

श्रोतेहो, नमस्कार.

केसरबाई केरकर हे नाव घेतलं की गोव्यात कुणाला ओळख करून द्यावी लागत नाही. फोंडा तालुक्यातलं केरी गाव, तिथल्या केसरबाई आणि 'व्हॉयेजर' यानाबरोबर अंतराळात गेलेला त्यांचा आवाज, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, तरी उन्हाळ्यात पाणी ओसरलं की माणसं तिथे जातात आणि मोगूबाईंची आठवण काढतात. या बायकांचा गळा आपण जपला. मला त्याचा अभिमान आहे.

आज मात्र मला दुसऱ्या एका केरकरबाईंबद्दल बोलायचं आहे. सोनाबाई चिमाजी केरकर. आडनाव एक म्हणून नातं होतं, असं मी म्हणत नाही. १८९६ सालचं 'छत्रपती संभाजी' हे नाटक सोनाबाईंच्या नावावर आहे. त्या वर्षी केसरबाई चार वर्षांच्या होत्या. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' येऊन चौदा वर्षं झाली होती. रंगभूमीवर द्रौपदी काय, सुभद्रा काय, बहुतेक सगळी कामं पुरुषच करत होते. अशा काळात एक बाई ऐतिहासिक नाटक लिहायला घेते, तेही संभाजीराजांवर. घरसंसाराचा विषय नाही, हळदीकुंकवाचा नाही, सती-सावित्रीचा नाही. राजकारण आणि रणांगण! मला तर या एका निवडीचंच फार अप्रूप वाटतं. मराठी नाटकाच्या इतिहासात सोनाबाईंच्या वाट्याला किती जागा आली? बहुतेक ठिकाणी एक ओळ. नाव, नाटक, साल, आणि पुढचा परिच्छेद दुसऱ्याच कुणाचा.

हिराबाई पेडणेकरांना त्या मानाने जास्त जागा मिळाली. जन्म १८८५ सालचा, सावंतवाडीचा. सावंतवाडी आज महाराष्ट्रात मोडते, पण आपलं गोव्यातलं पेडणे आणि वाडी यांच्यातली ये-जा कुठल्याही सरहद्दीपेक्षा जुनी आहे, आणि पेडणेकर हे आडनाव कुठल्या गावचं हे मी सांगायला नको. कलावंत घराण्यातल्या हिराबाई मुंबईत वाढल्या, भास्करबुवा बखल्यांकडे गाणं शिकल्या. आणि त्या लिहायच्या. १९०४ साली, म्हणजे विशीसुद्धा ओलांडलेली नसताना, त्यांनी 'जयद्रथ विडंबन' हे नाटक लिहिलं. पुढे 'संगीत दामिनी' लिहिलं. १९१२ साली केशवराव भोसल्यांच्या 'ललितकलादर्श' मंडळीने ते रंगभूमीवर आणलं. केशवराव म्हणजे त्या काळातलं केवढं मोठं नाव! त्यांनी एका बाईचं, त्यातही कलावंत घरातल्या बाईचं नाटक उभं केलं. पदं तिची, संवाद तिचे.

त्यांच्या घरी गोविंद बल्लाळ देवल येत, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर येत. हा तपशील हिराबाईंवरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात येतो. कोण यायचं, कुणाशी त्यांचा स्नेह होता, कुणाशी लग्न होऊ शकलं नाही, यावर पानंच्या पानं भरतात. वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावर 'कस्तुरीमृग' हे नाटक लिहिलं, तेही गाजलं. मला कुणालाही नावं ठेवायची नाहीत. पण बघा, हिराबाई आपल्यापर्यंत पोचल्या त्या दुसऱ्याच्या नाटकातलं पात्र होऊन. त्यांनी स्वतः लिहिलेलं 'दामिनी' वाचलेला माणूस शोधायला निघालात तर एखादाच भेटेल. पुढे मुंबई मागे टाकून त्या गुहागरजवळच्या पालशेतला राहायला गेल्या आणि १९५१ साली तिथेच वारल्या.

आणि मराठीतली पहिली स्त्री नाटककार कोण, हा वाद! सोनाबाई की हिराबाई की आणखी कुणी? संशोधकांनी तो जरूर घालावा, त्यातून साल-तारखा तपासल्या जातात. पण होतं असं की पहिली कोण ते ठरलं की आपण हात झटकून मोकळे होतो. तिसरी, सातवी, दहावी यांना कुणी विचारत नाही आणि पहिलीचंही वाचत नाही, तिचा नुसता फोटो लावतो.

आपल्याच बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे घ्या. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'मधून रंगभूमीवर आल्या, 'कुलवधू'मधलं 'बोला अमृत बोला' तर घराघरात गायलं गेलं. त्यांनी 'आराधना' नावाचं नाटकही लिहिलं होतं, हे त्यांच्या गाण्याच्या किती चाहत्यांना माहीत असेल?

श्रोतेहो, मला यात एक धागा दिसतो. गोव्यातल्या बायका लिहीत नव्हत्या, असं आपण सहज म्हणून जातो. "त्या काळी कुठलं आलंय बायकांचं शिक्षण!" शिक्षण कमी होतं हे खरंच. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं, इथल्या हिंदूंना मोकळा श्वास घेता आला, आणि त्यानंतर मराठी शाळा, वाचनालयं, नियतकालिकं यांना बहर आला. १९१२ साली गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचं 'भारत' निघालं. १९२९ पासून गोमंतक मराठा समाजाचं 'समाज सुधारक' निघू लागलं. याचा अर्थ, लिहायला थोडी का होईना, जागा तयार होत होती. बायकांनी ती घेतलीही. पण त्यांचं लिहिणं पुस्तकाच्या बांधणीत फारसं गेलं नाही. ते गेलं नाटक मंडळीच्या बाडात, मासिकाच्या अंकात, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात आणि घरातल्या वहीत. म्हणजे अशा जागी, की जिथलं काही दहा पावसाळे टिकत नाही. पुरुषांचं पुस्तक झालं, पुस्तक कपाटात गेलं, कपाटाचा इतिहास झाला. आपण आजही शोधायला जातो ते त्याच कपाटाकडे, आणि तिथे बायका सापडल्या नाहीत की म्हणतो, नव्हत्याच.

वहीचं म्हणाल तर एक वही माझ्या घरातच आहे. माझ्या मावशीची. पिवळी पडलेली, आडव्या रेघांची, पुठ्ठा कधीच गेलेला. पहिल्या पानावर गणपतीची आरती. मग मंगळागौरीची गाणी, चवथीच्या फुगड्या. मध्येच हिशेब: नारळ किती उतरले, पाडेल्याला काय दिलं, कुळीथ, मीठ, रॉकेल. हिशेबाच्या पानाच्या मागे आठ ओळी आहेत. लग्न होऊन नदीपल्याड गेलेल्या मुलीला होडीतून माहेरचा काठ दिसतो, एवढीच गोष्ट. छंद ओवीचा, पण ओवी ऐकीव नाही. तिसऱ्या ओळीतला एक शब्द दोनदा खोडलाय आणि तिसऱ्यांदा वेगळा लिहिलाय. पाठ असलेलं गाणं उतरवणारी बाई शब्द असा खोडत नाही. शब्द शोधणारी खोडते. त्या खाली नाव नाही, तारीख नाही. मावशी गेली तेव्हा ही वही रद्दीत निघाली होती. आरत्या आहेत म्हणून कुणीतरी बाजूला काढून ठेवली. देवामुळे वाचली म्हणा ना.

बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत काय झालं? त्यांची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून ठेवली, आचार्य अत्र्यांना दाखवली, म्हणून १९५२ साली, बहिणाबाई गेल्यानंतर, पुस्तक झालं. ज्या घरात सोपानदेव नव्हते तिथल्या बहिणाबाईंचं काय झालं असेल, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही. पौषात गावच्या मांडावर, म्हणजे ठरलेल्या अंगणात, जमून धालो गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांची गाणी आपण लोकगीत म्हणून जपतो, ते योग्यच. तरी एकेका गीताची पहिली ओळ कुठल्या तरी एका बाईला सुचली असणारच की!

गोव्यात पोर्तुगीजमधून लिहिणाऱ्या बायकांचीही हीच कथा, आणि मराठी वाचकाला तर ती अगदीच अपरिचित. ब्रिटोना गावात १९३२ साली जन्मलेल्या तेरेझा आल्मेदा यांनी 'विमला देवी' हे नाव घेऊन लिहिलं. 'सूरिया' हा कवितासंग्रह १९६२ चा, 'मोंसांव' हा कथासंग्रह १९६३ चा, लिस्बनमध्ये निघालेला. मोंसांव म्हणजे आपला पावसाळा. गोव्याची राजवट बदलून दोनच वर्षं झाली होती. इथे पोर्तुगीज वाचणारे कमी होत गेले आणि तिथे गोव्यातल्या गोष्टींचं कुणाला पडलं नव्हतं. भाटकार म्हणजे जमीनदार आणि त्याच्या जमिनीवर राहणारा मुंडकार, आफ्रिकेत गेलेला नवरा आणि वाट बघणारी बायको, असलं सगळं आपलंच त्या कथांत आहे. इंग्रजी अनुवाद यायला २०१९ साल उजाडलं. मराठीत या कथा आल्या पाहिजेत, ही माझी कळकळीची मागणी आहे. दुसऱ्या मारिया एल्सा द रोशा, पेशाने शिक्षिका. त्यांच्या कथा पोर्तुगीज वर्तमानपत्रांत येत आणि पणजी आकाशवाणीच्या 'रेनाशेन्सा' या पोर्तुगीज कार्यक्रमातही वाचल्या जात. हो, रेडिओवर! शब्द हवेत गेला की गेला. त्यांचा कथासंग्रह निघाला २००५ साली, तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या.

हरवलेलं परत कसं येतं? कुणीतरी एक माणूस हट्टाला पेटतो म्हणून. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनी आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेत ताराबाईंची बाजू घेतली, पण पुस्तकावर इतकी झोड उठली की ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलंच नाही. ते विसरलं गेलं, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं. मध्ये ९३ वर्षं गेली. आज ताराबाईंशिवाय स्त्रीवादाचा इतिहास कुणी सांगूच शकत नाही.

दुसरं उदाहरण तंजावरचं. तिथल्या मराठा राजाच्या, प्रतापसिंहाच्या दरबारात अठराव्या शतकात मुद्दुपळनी नावाची कलावंतीण होती. तिने तेलुगूत 'राधिका सांत्वनमु' हे काव्य रचलं. पुढे ते छापलं गेलं, पण काटछाट करून. बंगळूर नागरत्नम्मा, स्वतः देवदासी परंपरेतल्या आणि नामांकित गायिका, यांनी मूळ संहिता शोधली आणि १९१० साली काव्य संपूर्ण छापलं. इंग्रज सरकारने अश्लील ठरवून बंदी घातली. ती उठली १९४७ साली. एका कलावंतिणीचं काव्य दीडशे वर्षांनी दुसऱ्या कलावंतिणीने वाचवलं, हे वाचलं तेव्हा मला सोनाबाई आणि हिराबाई आठवल्या. त्यांच्यासाठी असं उभं राहणारं कुणीतरी गोव्यातून निघायला हवं. संस्था आहेत, विद्यापीठ आहे, तरुण अभ्यासक आहेत.

पणजीला पाटोवर आपलं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, कृष्णदास शामांच्या नावाचं. १८३२ साली सुरू झालेलं. तिथे जुन्या वर्तमानपत्रांचा आणि नियतकालिकांचा साठा आहे. एखादं वर्ष निवडा आणि अंक चाळा. अनुक्रमणिकेवर विसंबू नका. बायकांचं लेखन पुष्कळदा 'एक भगिनी', 'सौ. अमुक' अशा सह्यांखाली दडलेलं असतं. लग्नाआधी एका नावाने लिहिलेली बाई लग्नानंतर दुसऱ्याच नावाने लिहिते आणि सूचीत दोन बाया होतात. म्हणून घरात वयस्कर बायका असतील तर त्यांना माहेरचं नाव, मधलं नाव, टोपणनाव विचारून लिहून घ्या. तेवढ्यावरून पुढे कुणालातरी दोन नावं जुळवता येतील.

आणि माळ्यावरची पेटी उघडलीत तर थोडं सांभाळून. गोव्याच्या दमट हवेत कागद ओला होतो, चिकटतो, त्यात कसर आणि वाळवी असतेच. ओल आलेली वही कडक उन्हात टाकू नका, सावलीत पंख्याखाली पानं सुटी करून सुकवा. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका, दहा वर्षांत तोच टेप अक्षरं खातो. लॅमिनेशन तर मुळीच नको. मोबाइलवर पानापानाचा फोटो घ्या, अंकाचं नाव, महिना आणि साल दिसेल असा. हिशेबाची पानं वगळू नका, माझ्या मावशीच्या आठ ओळी त्यांच्याच मागे होत्या. आणि वही कुणाची होती, ते सांगू शकणारं माणूस अजून घरात असेल, तर त्याच दिवशी विचारून घ्या.

आज इथेच थांबते. नमस्कार.