बारा ते सोळासाठी: वर्षभरात आवडलेली पुस्तकं

वाचनालयातलं हे कपाट. वरच्या खणांत मोठ्यांच्या कादंबऱ्या खच्चून भरलेल्या, खालच्या खणात चित्रांची पुस्तकं. आता या खिडकीपाशी उभी असलेली मुलगी बघा. आठवीतली असावी. खालचा खण तिचा राहिला नाही आणि वरच्या खणाला हात लावायला ती बिचकतेय.

मी तिच्या वयाच्या मुलांसाठी लिहिते. गेलं वर्षभर त्यांच्या हाती देता येतील अशी पुस्तकं शोधून शोधून वाचली. त्यातली मनात घर करून राहिलेली तेवढीच इथे मांडतेय.

पहिलं ‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची १९३८ची कादंबरी. राम पटवर्धनांनी ती मराठीत आणली, मौज प्रकाशनानं छापली. फ्लोरिडाच्या रानात एकट्यानं राहणारं शेतकरी कुटुंब, त्यातला बारा वर्षांचा ज्योडी.

हे पान जरा जवळून पाहू. ज्योडीच्या बापाला रानात विषारी साप डसतो. तो समोरच्या हरिणीला गोळी घालतो, तिचं काळीज कापून काढतो आणि विष ओढून घ्यायला दंशावर दाबून धरतो. बाप वाचतो. हरिणीचं पाडस मागे उरतं. आपल्यामुळे ते पोरकं झालं, म्हणून ज्योडी त्याला घरी आणतो. पुढे पाडस मोठं होतं आणि मक्याचे कोवळे कोंब फस्त करतं. पुन्हा पेरणी होते. ज्योडी कुंपण उंच करतो, पाडस तेही ओलांडतं. त्या घरात पीक गेलं म्हणजे वर्षभराची भाकरी गेली. बाप काय करायला सांगतो, हे पुस्तकातच वाचा.

कुमारवयातल्या वाचकावर एवढा विश्वास टाकणारं पुस्तक मला वर्षभरात दुसरं भेटलं नाही. इथे बाप प्रेमळ आहे, मुलगा गुणी आहे, पाडसाचा तर काहीच दोष नाही, आणि तरीही व्हायचं ते होतंच. हे मुलांना झेपत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्यांच्याशी एकदा बोलून बघावं.

आता बेळगावकडचा हा रस्ता, ही लाल माती. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला मुलगा, लंपन, इथला. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा. त्याचं बोलणं कानडी शब्दांत घोळलेलं, डोक्यात सतत काही ना काही चाललेलं, आणि मैत्रीण सुमी दिसली की आत काय होतं ते त्याला धड सांगता येत नाही. संत कराडला भूगर्भशास्त्र शिकवायचे. लंपनच्या सुरुवातीच्या काही कथा त्यांनी साठच्या दशकात लिहिल्या, मग मोठा खंड पडला. ‘वनवास’ पुस्तकरूपानं आलं ते १९९४ साली. त्यापाठोपाठ ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. चारही ओळीनं वाचावीत, कारण लंपन पुस्तकागणिक मोठा होत जातो आणि ‘झुंबर’मध्ये वडिलांच्या मृत्यूपाशी येऊन पोचतो. ही पुस्तकं मोठ्यांच्या खणात ठेवलेली असतात. एक संच खाली आणून ठेवा, एवढंच ग्रंथपालांना माझं कळकळीचं सांगणं आहे.

हे आजचं फुरसुंगी. ट्रकांची रांग, नव्या इमारती. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, याच गावचा. पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर सुसाट सुटणारा, ‘टॉक्’ करणारा. यंदा ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ पुन्हा वाचलं. काय वेग आहे! भागवतांनी १९५१मध्ये ‘बालमित्र’ मासिक काढलं, ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. सगळा जन्म त्यांनी या वयाच्या वाचकासाठी लिहिण्यात घातला. तसा लेखक आज मोठ्या मुश्किलीनं सापडतो.

नववीत क्लास सुरू होतात, दहावीत पुस्तकं माळ्यावर जातात आणि वाचन तुटतं ते बहुतेकांचं कायमचंच.

शेवटी या जुन्या अंकांची मुखपृष्ठं. बालभारतीचं ‘किशोर’, नोव्हेंबर १९७१पासूनचं. यातल्या कथा मी यंदा पडद्यावर वाचल्या, कारण बालभारतीनं जुने अंक इंटरनेटवर मोफत खुले केले आहेत. ज्या गावात वाचनालय नाही, तिथल्या मुलांना फोनवर एखादा अंक उघडून द्या. कथा कुठली वाचायची ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.